खाऱ्या बांधावरची मोरस

पेणहून अलिबागकडे निघालेली एसटी धरमतरच्या पुलावर येते तेव्हा खाली अंबा नदी असते. पण इथवर पोचेस्तोवर तिचं पाणी नदीचं राहिलेलं नसतं. दिवसातून दोनदा समुद्र आत येतो, दोनदा मागे सरतो. भरतीला काठोकाठ गढूळ पाणी, ओहोटीला दोन्ही अंगांना चमकणारा चिखल आणि त्यामागे तिवरांची दाटी. बहुतेक प्रवासी इथे डुलक्या घेत असतात, कारण अलिबागचा किनारा अजून लांब असतो. मला मात्र याच पट्ट्यात उतरायचं होतं. पुलापलीकडे पोयनाडच्या आसपास जो सखल मुलूख पसरला आहे तो खारेपाट, आणि मी निघाले होते ती तिथल्या एका रानभाजीसाठी. तिचं नाव मोरस.

ठाणे-रायगडच्या खाडीकाठी आगरी-कोळी घरांत ही भाजी पावसाळ्यात शिजते. एखाद्या मासळी बाजारात सुकटीच्या ढिगाशेजारी तिचे वाटे मांडलेले दिसतात. विचारणारे थोडे, घेणारे ठरलेले. वाट्यातली मोरस ओळखायला काही लागत नाही. विकणारी सांगेल ते नाव. जागेवर उभी असलेली मोरस ओळखणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे एकाच चिखलात तिच्यासारख्याच मांसल, खारट, हिरव्या-तांबूस वनस्पती शेजारी शेजारी वाढतात आणि पावसाच्या, मिठाच्या प्रमाणात सगळ्यांचे रंगरूप बदलत राहतात. मोरस पानावरून जितकी ओळखायची तितकीच ती जागेवरून ओळखायची असते, हे माझं मत खारेपाटाच्या बांधांवर चालताना पक्कं झालं.

म्हणून आधी जागा. खारेपाट ही माणसांनी समुद्राकडून मिळवलेली जमीन आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी खाजणात मातीचे बांध घातले, भरतीचं पाणी बाहेर रोखलं आणि आतल्या जमिनीतलं मीठ पावसाच्या पाण्याने धुऊन काढत तिथे भात पिकवला. बांधात ठिकठिकाणी उघाड्या असतात. उघाडीचं दार असं बसवतात, की ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर पडावं आणि भरतीचं पाणी रेटू लागलं की ते आपोआप मिटावं. बांध राखणं हे एकट्या-दुकट्याचं काम नाही. एका ठिकाणी खांड पडली तर खारं पाणी साऱ्या गावाच्या शेतांत शिरतं, म्हणून बांधबंदिस्तीला गावकीचे हात लागायचे. स्वातंत्र्यानंतर 1948 साली खारभूमीसाठी कायदा झाला, पुढे 1979 साली नवा आला, बांधांची मोठी कामं सरकारकडे गेली. पण बांधावरून चालताना चिखलाच्या ढेपा लावून बुजवलेल्या जागा अजूनही दिसतात, आणि त्या गावच्याच हातच्या आहेत.

याच मुलखात चरी नावाचं गाव आहे. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथल्या कुळांनी 1933 मध्ये खोतांविरुद्ध संप पुकारला आणि तो 1939 पर्यंत चालवला. इतकी वर्षं शेतं पडीक ठेवायची म्हणजे काय, हे ही जमीन पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. इथे शेत पडीक राहिलं की त्यात नुसतं तण माजत नाही. बांधाकडे दुर्लक्ष झालं तर समुद्र परत आत येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या कुळांची बाजू घेतली आणि 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. चरीचा संप महाराष्ट्राच्या शाळकरी इतिहासात आहे त्याहून पुष्कळ मोठ्या जागेचा हक्कदार आहे, एवढं सांगून मी पुढे जाते.

खाजणात जायचं तर घड्याळाआधी पंचांग बघावं लागतं. आमच्या किनाऱ्यावर भरतीचा एक सोपा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करायची, येईल तितक्या वाजता भरती पुरी भरते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराच्या आसपास सुकती. खाडीत आत गेलं की हे थोडं मागे पडतं, पण अंदाजाला पुरतं. शिवाय अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी वरवर चढतं. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, पाणी ना फार चढत ना फार उतरत. मोरस तोडायला भांगाचे दिवस सोयीचे. ती ज्या उंचीवर वाढते तिथवर या दिवसांत भरतीही पोचत नाही, त्यामुळे पायाखालची माती जरा आवळलेली असते. मी भाद्रपद वद्य अष्टमीला गेले. भात लोंबीवर आलं होतं, आणि ज्यांच्याबरोबर जायचं त्या मावशी विळा, टोपली आणि डोक्याला बांधलेलं फडकं अशा तयारीनिशी दारातच उभ्या होत्या.

“आज भांग हाय, बाय. पानी बांधाला लागाचा नाय. निवांत चल,” त्या म्हणाल्या.

गावाच्या तळ्यांमधून वाट जाते. खारेपाटात घराशेजारी तळं आणि तळ्यात जिताडा ही जुनी रीत आहे. पुढे भातखाचरं. काही खाचरांत लालसर दाण्याचा राता भात होता. खारी माती सोसणारा म्हणून इकडे तो जुन्या काळापासून लावतात. मग बाहेरचा बांध. बांधावर चढलं की एका बाजूला पोपटी भात आणि दुसऱ्या बाजूला गडद तिवर, मध्ये फक्त चार पावलांची माती.

मोरस मात्र या दोन्हींपैकी कशातच नव्हती. मावशींनी मला बांधावरून अर्धा-एक मैल पुढे नेलं, जिथे काही वर्षांपूर्वी खांड पडली होती. बांध नंतर बुजवला, पण आतली काही शेतं परत लागवडीला आलीच नाहीत. जुने वाफे, आतल्या बांधांच्या रेघा अजून ओळखू येतात; त्यांवर भाताऐवजी दुसरंच काही वाढलं आहे. इथे उभं राहून खाडीकडून आत बघत यावं, म्हणजे मिठाची आणि पाण्याची पायरी डोळ्यांनी दिसते. रोजच्या भरतीत बुडतं तिथे तिवर, मातीतून वर आलेल्या खुंट्यांसारख्या श्वासमुळांसह. त्याच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी साचून वाळतं आणि मिठाचा पांढरा पापुद्रा धरतो, तिथे माचूळ. त्याहून हातभर उंच, उधाणालाच काय ते पाणी लागतं अशा ठिकाणी आणि बांधाच्या उतरणीवर मोरस. आणि जिथे पावसाने मीठ बरंचसं धुतलं आहे तिथे खारं गवत आणि मग भातातलं नेहमीचं तण. या पायऱ्या काटेकोर नसतात, एक दुसरीत मिसळते. तरी मोरस शोधताना आधी ही रेघ शोधावी, झाड मग सापडतं.

मावशींनी एक शेंडा खुडून माझ्या तळहातावर ठेवला. बोटभर लांब, फिकट हिरवा, देठाकडे किंचित जांभळट. पानं अर्धा ते एक इंच लांबीची, अरुंद, रसरशीत. बोटांत फिरवलं की कळतं, पान वरून सपाट आणि खालून गोलसर आहे. पानाला वेगळा देठ नाही, ते सरळ काडीवर बसतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पानं एकाआड एक येतात, समोरासमोर जोडीने नाहीत. काडी सलग आहे, तिला सांधे नाहीत. पानाच्या बगलेत बारीकसारीक हिरवे दाणे होते, तीन-चार एकत्र चिकटलेले. ती तिची फुलं. त्यांना दिसण्याजोग्या पाकळ्या नसतात. एक दाणा नखाने फोडला तर आत काळं, चकचकीत, राजगिऱ्याएवढं बी. पान मोडलं की पारदर्शक पाणी सुटतं, चीक नाही, उग्र वास नाही. जिभेला लावलं की आधी मीठ, आणि मीठ ओसरलं की पालकाची चव.

ती पालकाची चव उगीच नाही. मोरसचं शास्त्रीय नाव सुएडा मॅरिटिमा, आणि तिचं कूळ राजगिऱ्याचं. चाकवत, पालक, माठ, बीट हे सगळे तिचे नातलग. तिच्याच वंशातल्या आणखी एक-दोन जाती आपल्या किनाऱ्यावर वाढतात, त्यांच्या काड्या बुडाशी लाकडासारख्या होतात, आणि तोडणारे त्यांनाही मोरसच म्हणतात. स्वयंपाकाच्या दृष्टीने त्यांत फार फरक नाही. कोवळा शेंडा तेवढा घ्यायचा.

आता तिच्या शेजारणी. माचूळ लांबून मोरससारखी भासते, पण हातात घेतली की घोटाळा उरत नाही, कारण तिला पानंच दिसत नाहीत. सगळी काडी पेरापेरांची, रसाळ, फांद्या समोरासमोर फुटलेल्या. पानं इतकी आक्रसलेली, की ती काडीलाच चिकटून तिचं साल झाली आहेत. फुलंही वर येत नाहीत, टोकाच्या पेरांत रुतलेली असतात. हिचा वंश सॅलिकोर्निया. गुजरातेत भावनगरला असलेल्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने याच जातीवर पुष्कळ काम केलं आणि तिच्यापासून सोडियम कमी असलेलं वनस्पतिजन्य मीठ तयार केलं. इंग्लंडच्या नॉर्फक किनाऱ्यावर तिची चुलत बहीण उन्हाळ्यात माशाबरोबर लोण्यात परतून आवडीने खातात. म्हणजे माचूळ खाल्ली म्हणून बिघडत नाही, पण ती मोरस नव्हे.

दुसरी शेजारीण धापा. ही जमिनीसरशी सरपटते, पेराला मुळं फुटत पसरते. पानं जाड, चपटी, टोकाला रुंद आणि समोरासमोर जोडीने. फूल लहान पण स्पष्ट दिसणारं, गुलाबी, पाच टोकांच्या चांदणीचं. धापाही पाणी बदलून उकडून खाता येते. दोघींत फरक करायला पानांची मांडणी पाहिली की पुरे: जोडीने असतील तर धापा, एकाआड एक असतील तर मोरस.

खरी धास्ती बाळगावी ती गेव्याची. काही ठिकाणी त्याला हुरी किंवा फुंगळी म्हणतात. हे खारफुटीतलं झाड. मोरसशी त्याचं काहीच साम्य नाही, पण ते त्याच काठावर असतं, आणि कुठेही फांदी मोडली की पांढरा चीक भळभळतो. तो कातडीला लागला तर फोड येतात, डोळ्यांत गेला तर काही काळ दृष्टी जाऊ शकते. गेव्याची बाजूची फांदी हाताने सारून मोरस तोडायची आणि त्याच हाताने घाम पुसायचा, एवढ्यानेही घात होतो. मावशी तिथून वळसा घालून गेल्या आणि मला एकच नियम सांगितला. “मोडून बग. चीक आयला का टाक. मग त्यो कायपन असूंदे.” खाजणातल्या कुठल्याही अनोळखी झाडाला हा नियम लावावा. उलट मात्र तो चालत नाही: चीक नाही म्हणून एखादी वनस्पती खाण्याजोगी ठरत नाही.

मोरसचा रंग नवख्याला फसवतो. पावसात ती हिरवीगार असते. पाऊस थांबून माती वाळू लागली, मिठाचं प्रमाण वाढलं की तीच झुडपं तांबडी होत जातात आणि दिवाळीनंतर काही ठिकाणी सगळं पडीक शेत लालजांभळं दिसतं. हा लाल रंग बीटाच्या रंगाच्याच जातकुळीतला आहे. लाल झाडं विषारी नसतात, पण त्यांच्या काड्या ताठरलेल्या असतात आणि मीठ इतकं, की कितीही धुतलं तरी भाजी तोंडात धरवत नाही. मोरस पावसाळ्यातच का खायची, त्याचं कारण इथे आहे. तिचं बी उगवतं ते पावसाने वरच्या मातीतलं मीठ पातळ केल्यावर. श्रावण-भाद्रपदात झाड कोवळं असतं, त्याच्या पानांत मीठ अजून फार साठलेलं नसतं.

मीठ बाहेर ठेवण्याऐवजी आत साठवायचं, हा तिचा मार्ग आहे. तिवराच्या पानावर सकाळी मिठाचे कण दिसतात, कारण ते जास्तीचं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. मोरस तसं करत नाही. ती मीठ पानातल्या पेशींच्या आतल्या पोकळीत कोंडून ठेवते, आणि पेशीच्या उरलेल्या भागात ग्लायसीन बीटेनसारखे पदार्थ तयार करून तोल सांभाळते. कोंडलेल्या मिठामुळे पान पाणी ओढून धरतं, आणि म्हणून ते असं टचटचीत. या कुळातल्या खाऱ्या झुडपांची राख सोड्याने भरलेली असते. सिंध, पंजाब, कच्छ या भागांत अशी झुडपं जाळून सज्जीखार काढत, आणि पापडाला लागणारा खार पूर्वी त्यातूनच येई. आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या लाटलेल्या पापडांत मोरसच्या भावंडांची राख मिसळली आहे, हे मला फार लोभस वाटतं.

पण जे झाड मीठ इतक्या सहज आत घेतं ते चिखलातल्या इतर गोष्टीही घेतं. जड धातू शोषण्याची या वनस्पतींची ताकद अभ्यासकांना ठाऊक आहे. बिघडलेल्या खाऱ्या जमिनी साफ करायला त्यांचा उपयोग करावा असाही विचार होत असतो. म्हणून मोरस ओळखता आली की काम संपत नाही. कारखान्याचं सांडपाणी मिळतं त्या नाल्याच्या तोंडाशी, मोठ्या शहराच्या गटाराजवळ, कचराभूमीच्या उतारावर वाढलेली मोरस दिसायला हुबेहूब तीच असते, आणि तिला हात लावू नये. मुंबईच्या आसपासच्या खाड्यांत फोटोवरून झाड ओळखून हौसेने भाजी तोडणाऱ्यांची मला याच कारणाने काळजी वाटते. फोटोत पान दिसतं, वरच्या अंगाला काय सोडलं जातं ते दिसत नाही. खाडीच्या काठी राहणाऱ्या, तिथली मासळी रोज खाणाऱ्या बायकांना विचारावं. मावशींनी खांडीच्या एका बाजूची मोरस तोडली आणि उघाडीजवळची, तिच्याहून तजेलदार दिसणारी, तशीच सोडली. कारण गावातलं सगळं पाणी त्या उघाडीतून जातं.

तोडण्याची पद्धतही बघण्यासारखी आहे. झाड उपटायचं नाही. अंगठा आणि तर्जनीने शेंडा तेवढा खुडायचा. जो सहज तुटत नाही तो जून, तो ठेवायचा. विळा होता तो वाटेतली काटेरी मारांडी बाजूला करायला. तिवराला आणि बाकी खारफुटीला मावशी हात लावत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 पासून खारफुटी तोडायला बंदी घातली आहे आणि ती गावोगाव माहीत आहे. पण त्यांचं कारण त्याआधीचं आहे: तिवर उभे असले तर लाट बांधापर्यंत जोराने येत नाही.

टोपली भरत आली तेव्हा त्यांनी त्या पडीक वाफ्यांकडे हात केला. तिसरा वाफा त्यांच्या घरचा. “मोरस आयली, म्हंजे भात गेला,” त्या सरळ आवाजात म्हणाल्या. ज्या शेतात मोरस दाट, तिथे भाताला परत यायला बांध पक्का करून काही पावसाळे मीठ धुवावं लागतं, आणि तेवढी माणसं आता गावात राहत नाहीत. कामाला मुलं पेण-पनवेलकडे जातात. शेतकऱ्याला ही वनस्पती दिसणं म्हणजे जमीन हातची गेल्याची खूण आहे. रानभाज्यांच्या महोत्सवांत मोरसचं कौतुक होतं तेव्हा हेही सांगितलं जावं असं मला मनापासून वाटतं. ती भाजी चांगलीच आहे, पण ती जास्त उगवावी अशी इच्छा खारेपाटात कोणी धरत नाही.

घरी आल्यावर अर्धा वेळ निवडण्यात जातो. काड्या काढून पानं आणि टोकं ठेवायची. तीन-चार पाण्यांतून धुवायची, कारण पानांच्या बगलेत चिखल अडकलेला असतो. मग भरपूर पाण्यात उकळी आणायची, पाणी ओतून टाकायचं, गार झाल्यावर घट्ट पिळायचं. या पाण्याबरोबर मीठ जातं तसं ऑक्झॅलेटही बरंचसं जातं, म्हणून ते पाणी आमटीत वापरू नये. रक्तदाबाच्या किंवा मुतखड्याच्या माणसाने एवढं करूनही ही भाजी बेतानेच खावी. पिळलेला गोळा बारीक चिरायचा. तेलात ठेचलेला लसूण, भरपूर कांदा, हळद, घरचा मसाला, मग धुऊन घेतलेला सुका जवळा, आणि वर मोरस. झाकण ठेवून पाचेक मिनिटं. मीठ घालण्याचा मोह टाळायचा, मावशींच्या शब्दांत, “तिचा तिला हाय.” शेवटी कोकमाची एक-दोन आमसुलं.

तांदळाच्या भाकरीबरोबर वाढलेली ही भाजी मऊ होत नाही, दाताखाली किंचित कुरकुरते. मीठ मागे राहतं पण टोचत नाही, आणि सुक्या जवळ्याच्या गोडसर चवीला ते बरोबर धरून उभं राहतं. त्यांच्या सुनेने त्याच टोपलीतल्या थोड्या मोरसच्या, भिजवलेली चणाडाळ भरड वाटून आणि बेसन घालून, वड्या केल्या होत्या. मांसाहार न करणाऱ्यांना त्या उत्तम. माझ्या जिभेला जवळ्याची भाजी सरस वाटली, कारण बेसनात मोरस हरवते. वड्याच करायच्या असतील तर पीठ फक्त मिळून येण्यापुरतं घालावं.